पार्कलँड गोल्फ मैदानाला गटाने भेट : माउंट ज्युलिएटचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील.
१. लिंक्स आणि पार्कलँड या दोन प्रकारच्या गोल्फ मैदानांतील फरक सांगता येईल.
२. पार्कलँड मैदानाचे निसर्गसौंदर्य कसे घडवले जाते, हे एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
३. कमी-अधिक कौशल्याच्या खेळाडूंच्या गटासाठी खेळाची आणि वेळेची आखणी करता येईल.
४. अशा मैदानाला लागणारी जमीन, पाणी आणि श्रम यांचा हिशेब मांडता येईल.

१. प्रस्तावना

गोल्फ पर्यटन म्हणजे गोल्फ खेळण्यासाठी किंवा गोल्फचे सामने पाहण्यासाठी केलेला प्रवास. ही व्याख्या पाठ करायला सोपी आहे, पण तिच्यावरून दौरा आखता येत नाही. पुढील प्रसंगाची कल्पना करा. एका भारतीय शहरातील २८ जणांचा गट आयर्लंडला निघाला आहे. त्यांपैकी २४ जण खेळणारे आहेत. काही जण पंचवीस वर्षे खेळत आहेत, काहींनी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा स्टिक हातात धरली. उरलेले चौघे सोबत आले आहेत. त्यांना खेळायचे नाही, पण दिवस मात्र चांगला जावा असे वाटते. एका दिवसासाठी एक सुंदर पार्कलँड मैदान ठरले आहे. संध्याकाळी हे सर्व जण एका टेबलावर आनंदाने जेवतील की अर्धे कंटाळलेले आणि अर्धे चिडलेले असतील, हे बऱ्याच अंशी आयोजकाच्या आखणीवर अवलंबून असते.

ही आखणी नीट करायची तर आधी मैदान समजून घ्यावे लागते. पार्कलँड मैदान पाहणाऱ्याला नैसर्गिक वाटते: हिरवळ, मोठी झाडे, संथ वाहणारी नदी, एखादे तळे. प्रत्यक्षात हे दृश्य माणसाने रचलेले असते आणि रोज राखावे लागते. त्याची किंमत वेळ, पाणी, जमीन आणि श्रम या चार रूपांत मोजावी लागते. चांगला गट-दौरा म्हणजे ही किंमत ओळखून आखलेला दौरा. हाच या घटकाचा मुख्य मुद्दा आहे.

२. लिंक्स आणि पार्कलँड

आजच्या गोल्फची जडणघडण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर झाली. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा जो पट्टा असतो, त्याला तिथे ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन शेतीच्या उपयोगाची नव्हती. वाळूतून पाणी लगेच झिरपत असे, गवत आपोआप आखूड राहत असे आणि उरलेले काम चरणाऱ्या मेंढ्या करीत. अशा जमिनीवर मैदान ‘बांधावे’ लागत नसे. असलेल्या जमिनीवर खेळण्याची वाट शोधावी लागे. सेंट अँड्र्यूज येथील जुन्या मैदानावर १७६४ मध्ये होलची संख्या २२ वरून १८ करण्यात आली आणि पुढे १८ होल हेच सर्वत्र प्रमाण ठरले.

समुद्रापासून आत गेल्यावर परिस्थिती बदलते. तिथली माती चिकण असते. हिवाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात गवत इतके वाढते की चेंडू सापडत नाही. त्यामुळे गोल्फ आतल्या प्रदेशात पसरण्यासाठी एका यंत्राची गरज होती. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर भागातील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. पुढच्या काही दशकांत ही यंत्रे सुधारली आणि मोठ्या क्षेत्रावर आखूड गवत राखणे शक्य झाले.

दुसरी गोष्ट होती तयार भूदृश्याची. अठराव्या शतकात इंग्लंडमधील जमीनदारांनी आपल्या हवेल्यांभोवती विस्तीर्ण उपवने तयार करून घेतली. लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन हे या शैलीचे सर्वांत प्रसिद्ध रचनाकार. हिरव्या उतारावर झाडांचे विखुरलेले पुंजके, नागमोडी तळे आणि दूरवर जाणारी नजर ही या शैलीची ओळख. या उपवनांमध्ये ‘हा-हा’ नावाची एक युक्ती वापरली जाई. कुंपणाऐवजी एक खोल चर खणायचा आणि त्याची एक बाजू भिंतीसारखी उभी बांधायची. चरणारी जनावरे हवेलीजवळ येऊ शकत नसत, पण हवेलीतून पाहणाऱ्याला मध्ये कुठलाही अडथळा दिसत नसे. ही युक्ती लक्षात ठेवा. शेवटच्या भागात तिचा पुन्हा उल्लेख येईल.

पुढे जमीनदारी मोडकळीस आली तेव्हा अशी अनेक उपवने गोल्फ मैदानांच्या उपयोगी पडली. ‘पार्कलँड’ या नावातला ‘पार्क’ म्हणजे हेच उपवन. नगरपालिकेची बाग नव्हे.

दोन्ही प्रकारांतला खेळही वेगळा असतो. लिंक्सवर झाडे जवळजवळ नसतात, वारा जोराचा असतो आणि जमीन टणक असल्यामुळे चेंडू जमिनीलगत सरपटत नेता येतो. पार्कलँडमध्ये जमीन मऊ असते, चेंडू जिथे पडतो तिथेच जवळपास थांबतो, म्हणून तो हवेतून उंच मारावा लागतो. झाडांमुळे वारा अडतो, पण वाटही अडते. प्रत्येक होल झाडांच्या भिंतींमध्ये एखाद्या वेगळ्या दालनासारखे वाटते. आयर्लंडच्या दौऱ्यात लिंक्सच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस काढल्यावर एक दिवस पार्कलँडचा ठेवावा, असे अनेक आयोजक मानतात, त्याचे कारण हेच.

भारतात समुद्रकिनारी लिंक्सची परंपरा नाही. आपली बहुतेक जुनी मैदाने झाडीत वसलेली आहेत. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानात झाडांबरोबर जुन्या कबरी आणि घुमटही आहेत. श्रीनगरचे रॉयल स्प्रिंग्ज मैदान दल सरोवराजवळ आहे. पुण्यात येरवड्याला आणि मुंबईत चेंबूरला शहराने वेढलेली मैदाने आहेत.

३. माउंट ज्युलिएट : एका उपवनाचे मैदान

आयर्लंडच्या आग्नेय भागात किल्केनी परगण्यात थॉमसटाउन नावाचे छोटे गाव आहे. त्याच्याजवळ नोर नदीच्या काठी माउंट ज्युलिएट ही मालमत्ता आहे. इथली हवेली अठराव्या शतकात अर्ल ऑफ कॅरिक यांनी बांधली आणि पत्नी ज्युलियाना यांच्यावरून तिला हे नाव दिले. हे घराणे बटलर कुळातले. याच कुळाच्या मोठ्या शाखेचा किल्ला किल्केनी शहरात आहे. पुढे विसाव्या शतकात मालमत्ता मॅकॅल्मंट कुटुंबाकडे होती. त्यांच्या ‘द टेट्रार्क’ या करड्या, ठिपकेदार घोड्याने १९१३ मध्ये सात शर्यती धावून सातही जिंकल्या. आजही मालमत्तेला लागून घोड्यांचे पैदास केंद्र आहे.

१९८० च्या दशकात मालकी बदलली आणि हवेलीचे हॉटेल झाले. आपल्याकडे संस्थानिकांच्या राजवाड्यांची हॉटेले झाली, त्याच जातीची ही गोष्ट. उपवनात मैदान आखण्याचे काम अमेरिकन खेळाडू जॅक निक्लॉस यांच्याकडे दिले गेले आणि ते १९९१ मध्ये खुले झाले. मैदान ७२ पारचे आहे, म्हणजे कुशल खेळाडूने १८ होल ७२ फटक्यांत पूर्ण करावेत अशी अपेक्षा असते.

दोनच वर्षांत येथे आयरिश ओपन स्पर्धा आली आणि १९९३, १९९४ व १९९५ अशी सलग तीन वर्षे झाली. त्यांत अनुक्रमे निक फाल्डो, बर्नहार्ड लँगर आणि सॅम टॉरन्स विजयी झाले. २००२ मध्ये येथे झालेली जागतिक स्पर्धा टायगर वुड्स यांनी पारपेक्षा २५ फटके कमी घेऊन जिंकली. चार दिवसांच्या ७२ होलमध्ये त्यांच्या नावावर पारपेक्षा जास्त फटक्यांचे एकच होल होते, आणि तेही अगदी शेवटचे. २००४ मध्ये हीच स्पर्धा अर्नी एल्स यांनी जिंकली. २०२१ आणि २०२२ मध्ये आयरिश ओपन पुन्हा येथे झाली.

पर्यटनाच्या दृष्टीने या इतिहासाला महत्त्व आहे. क्रिकेटवेड्या माणसाला लॉर्ड्सवर फलंदाजी करता येत नाही. ते मैदान त्याला प्रेक्षागृहातून पाहावे लागते. गोल्फमध्ये मात्र, मैदान पाहुण्यांना खुले असेल तर, वुड्स जिथून खेळले त्याच होलवर सामान्य खेळाडू शुल्क भरून उभा राहू शकतो. गोल्फ दौऱ्याचे आकर्षण बरेचसे यातच आहे. माउंट ज्युलिएट हे हॉटेलचे मैदान असल्यामुळे पाहुण्यांसाठी खुले आहे. अनेक खासगी क्लब पाहुण्यांना ठरावीक दिवशीच प्रवेश देतात आणि शनिवार-रविवार सभासदांसाठी राखून ठेवतात. म्हणून आयोजकाने हॉटेलआधी मैदानाची वेळ नक्की करावी.

४. दृश्य आणि खेळ

या मैदानावरील तिसरे होल सर्वांत जास्त छायाचित्रांत दिसते. ते पार तीनचे आहे, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर पोहोचावा अशी अपेक्षा असते. मध्ये पाणी आहे. पर्यटकाला ते तळे सुंदर दिसते; खेळाडूला तोच प्रश्न असतो. पार्कलँड मैदानात सौंदर्य आणि अडचण एकाच वस्तूत असतात. तळे, मोठे झाड, पांढऱ्या वाळूचा बंकर या तिन्ही गोष्टी डोळ्यांना सुखावतात आणि चुकलेल्या फटक्याला शिक्षाही करतात.

म्हणूनच प्रत्येक होलला टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, एकच नसते. एकामागे एक अनेक टी असतात आणि त्यांच्या खुणा रंगांनी दाखवलेल्या असतात. सर्वांत मागच्या टीवरून व्यावसायिक खेळतात. पुढच्या टीवरून खेळल्यास अंतर कमी होते आणि पाण्यावरून चेंडू नेण्याचा कोनही सोपा होतो. दौऱ्यावरचे खेळाडू अनेकदा हौसेने मागची टी निवडतात आणि पहिल्या तीन-चार होलमध्ये अर्धा डझन चेंडू पाण्यात घालवतात. गटासाठी योग्य टी आधीच ठरवणे ही आयोजकाची पहिली जबाबदारी आहे.

पायाखालच्या गवताकडेही पाहायला हवे. टीपासून ग्रीनकडे जाणारा आखूड गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या बाजूचे उंच गवत म्हणजे रफ. भोक जिथे असते तो अगदी बारीक कापलेला भाग म्हणजे ग्रीन. आयर्लंडच्या थंड हवेत राय आणि बेंट जातीची गवते चांगली वाढतात. भारतात बहुतेक ठिकाणी ‘बर्म्युडा’ गवत वापरतात. हे परदेशी वाटणारे नाव आपल्या ओळखीच्या गवताचे आहे: ती आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. ग्रीनसाठी तिच्या संकरित, बुटक्या जाती लावल्या जातात. हरळी उन्हात तगते, पण उत्तर भारताच्या थंडीत पिवळी पडते. म्हणून ‘आयर्लंडसारखी हिरवळ’ हा भारतीय मैदानासाठी योग्य निकष नाही.

५. असमान खेळाडू, एकच सामना

आपल्या २४ खेळाडूंमध्ये कौशल्याचा मोठा फरक आहे. टेनिसमध्ये असे दोन खेळाडू समोरासमोर उभे राहिले तर दहा मिनिटांत दोघांनाही कंटाळा येईल. गोल्फमध्ये हँडिकॅपमुळे हा प्रश्न सुटतो. हँडिकॅप म्हणजे कमी कुशल खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांची संख्या. २०२० पासून जगभरात एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली, त्यामुळे पुण्यातल्या किंवा गुवाहाटीतल्या खेळाडूचा आकडा आयर्लंडमध्येही चालतो.

प्रत्येक मैदानाचे दोन आकडे असतात. ‘कोर्स रेटिंग’ म्हणजे अत्यंत कुशल खेळाडूला तिथे किती फटके लागतील याचा अंदाज. ‘स्लोप’ म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान त्या मानाने किती अवघड जाईल याचे माप. ते ५५ ते १५५ च्या दरम्यान असते आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. सूत्र असे आहे:

मैदानावरील हँडिकॅप = हँडिकॅप निर्देशांक × (स्लोप ÷ ११३) + (कोर्स रेटिंग − पार)

उदाहरण : समजा, एका मैदानाचा स्लोप १३०, कोर्स रेटिंग ७३ आणि पार ७२ आहे. (हे आकडे सरावासाठी घेतले आहेत.) ‘अ’ चा निर्देशांक ८ आणि ‘ब’ चा २४ आहे.
अ : ८ × १३० ÷ ११३ + १ = १०.२, म्हणजे १०.
ब : २४ × १३० ÷ ११३ + १ = २८.६, म्हणजे २९.
दोघांमधला फरक १६ वरून १९ झाला. अवघड मैदानावर कमी कुशल खेळाडूला जास्त त्रास होतो, हे या सूत्रात आधीच धरलेले आहे. स्पर्धेच्या प्रकारानुसार या आकड्यात आणखी थोडी घट केली जाते; ती येथे सोडून दिली आहे.

गट-दौऱ्यात गुण मोजण्यासाठी बहुतेक वेळा ‘स्टेबलफोर्ड’ पद्धत वापरतात. इंग्लंडमधील वॉलेसी येथील डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने १९३२ मध्ये स्पर्धा सुरू झाल्या. तिच्यात एकूण फटके मोजत नाहीत. प्रत्येक होलला गुण देतात. सवलत वजा केल्यावर पार झाला तर २ गुण, एक फटका कमी लागला तर ३, एक जास्त लागला तर १, दोन किंवा अधिक जास्त लागले तर ० गुण.

प्रत्येक होलला अवघडपणाचा क्रमांक दिलेला असतो. पार तीनच्या एखाद्या होलचा क्रमांक ८ आहे असे समजा. ‘अ’ ला १० सवलती आहेत, म्हणून या होलला एक मिळते. त्याने ४ फटके घेतले. निव्वळ ३, म्हणजे २ गुण. ‘ब’ ला २९ सवलती आहेत: प्रत्येक होलला एक आणि सर्वांत अवघड ११ होलना आणखी एक. येथे त्याला दोन मिळतात. त्याने ५ फटके घेतले; निव्वळ ३, म्हणजे त्यालाही २ गुण. पंचवीस वर्षे खेळणारा आणि दोन वर्षे खेळणारा या होलवर बरोबरीत आले.

या पद्धतीचा दुसरा फायदा वेळेचा आहे. ‘ब’ चे तीन चेंडू पाण्यात गेले तर या होलवर गुण मिळणार नाही हे त्याला लगेच कळते. तो चेंडू उचलतो आणि पुढे जातो. एका वाईट होलमुळे त्याचा दिवस बिघडत नाही आणि मागचे लोकही खोळंबत नाहीत.

६. वेळेचे गणित

२४ खेळाडू म्हणजे चौघांचे ६ संच. दर १० मिनिटांनी एक संच निघाला आणि पहिला ९:०० ला सुरू झाला, तर सहावा ९:५० ला निघेल. १८ होलना साडेचार तास धरले तर शेवटचा संच २:२० ला परत येईल. आता समजा, पहिल्या संचाने प्रत्येक होलवर फक्त २ मिनिटे जास्त घेतली. एकूण उशीर ३६ मिनिटांचा. मैदानावर मागच्याला पुढच्याला ओलांडून सहज जाता येत नाही, म्हणून हा उशीर सर्वांना भोगावा लागतो आणि शेवटचा संच २:५६ ला येतो. मागे दुसरा गट असेल तर त्याचाही दिवस बिघडतो. गल्लीत एक बैलगाडी पुढे असली की मागच्या सगळ्या गाड्या तिच्या चालीने चालतात, तसेच हे आहे.

त्यावर उपाय सोपे आहेत.
• सर्वांत संथ खेळाडू एकाच संचात ठेवू नयेत; प्रत्येक संचात एक तरी जाणकार असावा.
• हरवलेला चेंडू शोधण्यास नियमाने ३ मिनिटे मिळतात (२०१९ पूर्वी ५ मिनिटे मिळत). ती पाळावीत.
• ज्याची तयारी झाली असेल त्याने आधी खेळावे, असे गटाने निघण्यापूर्वीच ठरवावे.
• गट खूप मोठा असेल आणि मैदान पूर्ण राखता येत असेल, तर सर्व संच वेगवेगळ्या होलपासून एकाच वेळी सुरू करावेत. याला ‘शॉटगन स्टार्ट’ म्हणतात. त्यामुळे सर्व जण साधारण एकाच वेळी परततात आणि जेवण एकत्र होते.

ब्रिटन व आयर्लंडमध्ये स्वतःचे मैदान नसलेल्या आणि वेगवेगळ्या मैदानांवर जाऊन खेळणाऱ्या अशा गटांना ‘सोसायटी’ म्हणतात. आपल्याकडे सोसायटी म्हटले की गृहनिर्माण संस्था आठवते. तिथे पत्रव्यवहारात हा शब्द दिसला तर गोंधळ होऊ देऊ नये.

न खेळणाऱ्या चौघांसाठी थॉमसटाउनजवळचा जेरपॉइंट मठ आहे. बाराव्या शतकातल्या या सिस्टर्शियन मठाच्या अंगणाभोवतीच्या खांबांवर कोरलेली माणसे आणि प्राणी पाहण्यासारखे आहेत. थोडे दूर किल्केनी शहरातला किल्ला आहे. १९६७ मध्ये बटलर घराण्याने तो नाममात्र ५० पौंडांना शहराच्या स्वाधीन केला आणि आज तो सर्वांना खुला आहे. हे ‘सोबती’ दौऱ्यात दुय्यम नसतात. गोल्फ मैदानाच्या फाटकाबाहेर, गावातल्या दुकानांत आणि खानावळींत खर्च करणारे बहुधा तेच असतात.

आयोजकाने आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही, म्हणून शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. तसेच, जूनमध्ये तिथे सुमारे १७ तास उजेड असतो, त्यामुळे दुपारनंतर सुरुवात केली तरी चालते. पण पावसाचे जॅकेट मात्र प्रत्येकाच्या पिशवीत असायलाच हवे.

७. मैदानावरचे वागणे

चेंडू ग्रीनवर पडला की खळगा होतो. तो लगेच काट्याने सारखा केला तर गवत लवकर सावरते. तसाच सोडला तर ती जागा बरेच दिवस खराब राहते. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने पुसायच्या असतात. फटक्याबरोबर उखडलेला गवताचा तुकडा परत जागेवर बसवायचा किंवा तिथे वाळू टाकायची. इतर खेळत असताना बोलायचे नाही, फोन बंद ठेवायचा. पाहुण्यांना हे नियम शिष्टाचाराचा भाग वाटतात. पण प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी काम आहे. २४ जणांनी प्रत्येकी दहा खळगे सोडले तर एका दिवसात २४० खळगे होतात, आणि ते ग्रीनकीपरला पहाटे भरावे लागतात.

८. न दिसणारी किंमत

वर ‘हा-हा’चा उल्लेख केला होता. कुंपण असते, पण पाहणाऱ्याला दिसत नाही. पार्कलँड मैदानाची किंमतही अशीच नजरेआड राहते. आयर्लंडमध्ये वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो, त्यामुळे पाण्याचा प्रश्न त्या मानाने सौम्य आहे. भारतात तो टाळता येत नाही.

एक हिशेब करू. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. समजा, एका मैदानाच्या ३० हेक्टर गवताला कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी दिले. एकूण : ३० × १०,००० × ५ = १५ लाख लिटर. शहरातील घरगुती वापरासाठी दर माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरला, तर हे पाणी सुमारे ११ हजार लोकांना पुरेल. या आकड्यावरून गोल्फ मैदान नकोच असा निष्कर्ष निघत नाही. सांडपाणी प्रक्रिया करून वापरणे, फक्त टी, फेअरवे आणि ग्रीनलाच पाणी देणे, रफमध्ये स्थानिक गवत वाढू देणे हे मार्ग आहेत. पण दौऱ्याची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने हे पाणी कुठून येते हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जमिनीचा प्रश्न याहून कठीण आहे. माउंट ज्युलिएटसारख्या ठिकाणी एक मोठी मालमत्ता अखंड स्थितीत उपलब्ध होती. भारतात नवे मैदान बहुधा कोणाच्या तरी शेतावर किंवा बागायतीवर येते. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या तेरेखोल गावात गोल्फ रिसॉर्टचा प्रकल्प आला, तेव्हा ग्रामस्थांनी जमीन आणि उपजीविकेच्या मुद्द्यावर त्याला दीर्घकाळ विरोध केला. पर्यटकाला जे ‘मोकळे हिरवे क्षेत्र’ दिसते, तेच कोणासाठी काजूची बाग असू शकते.

तिसरा प्रश्न श्रमाचा. भारतीय मैदानांवर कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा आणि वाट दाखवणारा सहायक, अजूनही नेहमी दिसतो. त्याला मैदानाची माहिती खेळाडूपेक्षा जास्त असते, उत्पन्न मात्र त्या दिवशी किती खेळाडू आले यावर ठरते. या वर्गातून मोठे खेळाडूही घडले. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. असे करणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. ही उदाहरणे अभिमानाची आहेत, पण ती थोडी आहेत. ग्रीनकीपरच्या मुलाला त्याच ग्रीनवर खेळण्याची संधी नियमाने मिळते का, हे पाहिल्याशिवाय गोल्फ पर्यटनाने स्थानिकांना काय दिले हे सांगता येणार नाही.

९. सारांश

पार्कलँड मैदान हे जमीनदारांची उपवने आणि गवत कापण्याचे यंत्र यांच्या संयोगातून आकाराला आलेले भूदृश्य आहे. माउंट ज्युलिएट हे त्याचे चांगले उदाहरण. त्यातील प्रत्येक सुंदर वस्तू खेळातील अडचणही असते. योग्य टी, हँडिकॅप आणि स्टेबलफोर्ड यांमुळे असमान खेळाडूंचा गट बरोबरीने खेळू शकतो. वेळेची शिस्त आणि मैदानाची काळजी यांवर सर्वांचा आनंद अवलंबून असतो. दौऱ्याचे मूल्यमापन करताना पाणी, जमीन आणि श्रम यांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लिंक्स आणि पार्कलँड मैदानांतील फरक जमीन, गवत आणि खेळ या तीन मुद्द्यांवर स्पष्ट करा.
२. स्लोप १२०, कोर्स रेटिंग ७१ आणि पार ७२ असलेल्या मैदानावर १५ निर्देशांक असलेल्या खेळाडूचा हँडिकॅप काढा.
३. ३२ खेळाडूंचा गट दर ८ मिनिटांनी चौघांच्या संचाने सकाळी ८:३० पासून सुरू झाला. फेरीला सव्वाचार तास धरून शेवटचा संच केव्हा परतेल ते सांगा.
४. आपल्या राज्यातील एखाद्या गोल्फ मैदानाची माहिती घ्या. तिथे पाणी कुठून येते, पूर्वी त्या जमिनीवर काय होते आणि आज तिथे कोण काम करते, यावर एक पान लिहा.
५. ‘गोल्फ दौऱ्यातील न खेळणारे सोबती गावासाठी अधिक महत्त्वाचे असतात.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? सकारण लिहा.